उजेडाचं पंचांग

अलिबागजवळच्या नागावला येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा कॅमेरा समुद्राकडे धरतो. सुरूच्या बनापुढे संध्याकाळी गर्दी होते, सूर्य पाण्याला टेकला की मोबाइल वर होतात आणि तो बुडाला की माणसं वडापावकडे वळतात. त्या अर्ध्या तासात निदान एकदा समुद्राकडे पाठ करून उभं राहावं, असं मी भेटेल त्याला सांगत असते. सूर्य पश्चिमेला उतरतो तेव्हा त्याचा सगळा तिरपा उजेड पूर्वेच्या डोंगरांवर पडलेला असतो. दिवसभर धुरकट निळी भिंत वाटणारी सागरगडाची रांग त्या वेळी घळी, सोंडा, कातळ अशी सुटी सुटी दिसायला लागते. चौलच्या दत्ताच्या टेकडीवरचं झाडन् झाड वेगळं होतं. इथे समुद्राचा फोटो सकाळचा आणि डोंगराचा संध्याकाळचा. सकाळी सूर्य डोंगराआडून उशिरा वर येतो, वाडीत ऊन पोचायला वेळ लागतो, पण पोचलं की समोरचं पाणी, होड्या, ओली वाळू सगळं पुढून उजळतं.

माझं काम म्हणजे गाडी काढून याच परिसरात फिरणं. नागाव ते रेवदंडा आणि पुढे पूल ओलांडून कोर्लई हा एक रस्ता. अलिबागहून कार्ले खिंडीतून पोयनाडकडे जाणारा दुसरा. रामराज-सुडकोलीवरून रोह्याकडे जाणारा तिसरा. या तीन रस्त्यांवर मी वर्षानुवर्षं तेच फोटो काढते, आणि ते कधीच तेच नसतात. नवी जागा शोधत हिमाचल-लडाखला जाणारे मित्र मला हटकतात. त्यांचे फोटो सुंदर असतात. पण ज्या जमिनीवर कोणत्या आठवड्यात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नाही, तिचा फोटो नशिबावर सोडावा लागतो, असं मला मनापासून वाटतं. आपल्या मुलखात नुसता निसर्ग असा फारसा उरलेलाच नाही. भातखाचर माणसानं बांधलंय, नारळ-पोफळीची वाडी माणसानं लावलीय, खाडीकाठचा सपाट पट्टा तर समुद्राकडून मागून घेतलेला. त्यामुळे देखावा टिपायचा तर आधी शेतकऱ्याचं आणि कोळ्याचं वेळापत्रक शिकावं लागतं.

कोळ्याचं वेळापत्रक तिथीवर चालतं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब किनाऱ्यावर सगळ्यांना पाठ आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. हे एकदा अंगवळणी पडलं की फोटोग्राफर म्हणून तुमचं अर्धं काम झालं. डिसेंबरात सूर्य सहाला मावळतो. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या दिवशी गेलात तर नेमकी त्याच वेळी खोल ओहोटी असते, पाणी दूर गेलेलं असतं, आणि नागाव-आक्षीची ओली वाळू लांबवर आभाळ धरून ठेवते. त्याच महिन्यात अष्टमीला गेलात तर त्याच वेळी पाणी वर चढलेलं. वाईट काहीच नाही, पण तो फोटो वेगळा. जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो, म्हणून ओल्या वाळूसाठी तेव्हा पौर्णिमेऐवजी द्वितीया धरायची. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, मीही बघते. पण तिथी ठाऊक असली की भरतीबरोबर चंद्रही ठाऊक होतो.

चंद्राचं सांगायचं तर डोंगरावरचा चंद्र हवा असेल तेव्हा पौर्णिमेपेक्षा चतुर्दशी चांगली. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यात आपल्या पूर्वेला डोंगर, त्यामुळे तो दिसेपर्यंत खालची शेतं काळी पडलेली असतात. चतुर्दशीचा चंद्र तासभर आधी येतो. तेव्हा खाली उजेड शिल्लक असतो, आणि चंद्र व जमीन दोन्ही एकाच फोटोत नीट बसतात. अॅन्सेल अॅडम्स यांच्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या फोटोची हकिकत यासाठीच मला फार आवडते. न्यू मेक्सिकोत गाडीनं परतताना त्यांना रस्त्याकडेला एक गाव, त्यातल्या दफनभूमीचे उजळलेले क्रूस आणि वर जवळजवळ भरलेला चंद्र दिसला. गाडी कडेला घेतली, मोठा कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचा मीटर सापडेना. चंद्राची तेजस्विता किती असते तो आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून त्यांनी हिशोब केला आणि फोटो घेतला. दुसरा घेईपर्यंत क्रूसांवरचं ऊन गेलं. तो कोणत्या साली काढला हे त्यांच्या नीट लक्षात राहिलं नव्हतं. पुढे खगोल जाणणाऱ्यांनी फोटोतल्या चंद्राच्या जागेवरून 1941 हे साल ठरवलं. नशिबाचा फोटो म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात पाठ असलेला आकडा महत्त्वाचा वाटतो.

शेताचं वेळापत्रक त्याहून गुंतागुंतीचं आहे, आणि माझा जीव त्यातच जास्त रमतो. मृगात पेरणी होते. भाताची रोपं एका कोपऱ्यात दाट वाढवलेली असतात, त्यांचा हिरवा रंग इतका कोवळा असतो की कॅमेरा त्याला पिवळा करून टाकतो. उजेड थोडा कमी घ्यावा, म्हणजे तो जागेवर राहतो. मग चांगला पाऊस पडला की चिखलणी. खाचरं काठोकाठ भरतात आणि लावणी होईपर्यंत मोजके दिवस सगळा माळ आरसा होतो. याच दिवसांसाठी मी बाकीची कामं बाजूला सारते. ढग, डोंगर, धोंडाण्याच्या धबधब्याची पांढरी रेघ, विजेचे खांब सगळं जमिनीवर उलटं उतरलेलं असतं. पावसाळ्यात लेन्सवर पोलरायझर चढवायची सगळ्यांना सवय असते, कारण ओल्या पानांवरची चकाकी त्यानं मरते आणि हिरवा रंग खोल होतो. पण या दिवसांत तो काढून ठेवायचा. तो पाण्यातलं प्रतिबिंबही पुसतो, आणि आपण आलेलो असतो प्रतिबिंबासाठीच. लावणी झाली की पहिले काही दिवस आरशावर हिरवे ठिपके, मग रेघा, आणि बघता बघता पाणी दिसेनासं होतं.

लावणी करणाऱ्या बायकांचा फोटो काढायचा तर आधी बांधावर उभं राहून विचारावं. त्या नाही म्हणत नाहीत बहुधा, पण वर बघून हसायला सांगू नये. पाठ वाकवून, मुठीतली रोपं सोडवत मागे सरकणाऱ्या ओळीची एक लय असते आणि ती थांबली की फोटोही थांबतो.

आणखी एक. खाचरांसाठी रुंद लेन्स बहुतेकदा निरुपयोगी ठरते. रस्ता आणि शेत एका पातळीवर, त्यामुळे रुंद लेन्समध्ये शेताची नुसती पट्टी उरते आणि डोंगर बारीक होऊन मागे पळतो. मी लांबची लेन्स लावते, गाडीचं इंजिन बंद करते, खिडकीच्या काचेवर तांदूळ भरलेली पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवते. डोंगर जवळ ओढला जातो, शेताचे टप्पे एकावर एक येतात. थोडी उंची मिळाली तर उत्तम, म्हणून मोऱ्या आणि पूल मी लक्षात ठेवलेत.

श्रावणात ऊन-सावली पळते, तेरडा फुलतो, कार्ले खिंडीच्या उतारावर जांभळट छटा येते. आश्विनात भात पिकतं, हवा वर्षातली सगळ्यात स्वच्छ असते. कापणी झाली की कडेला उडव्या रचल्या जातात. थंडीत वालाला शेंगा धरतात आणि त्याच शेतात रात्री पोपटीचं मडकं लागतं. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि सोबत धूर-धूळ आणतो, म्हणून जानेवारीत दूरचे डोंगर सोडून द्यावेत आणि जवळचं बघावं. कार्ले-खंडाळ्याकडे पांढऱ्या कांद्याचे वाफे असतात. कांदा निघाला की बायका ओसरीवर बसून त्याच्या पातीची वेणी घालतात. कांद्याचं पांढरं साल खिडकीतून आलेल्या उजेडात आतून उजळल्यासारखं दिसतं. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून रस्त्याकडेच्या माळा वाढल्यात, पण मला ती ओसरी जास्त प्रिय आहे. फाल्गुनात पळस, पांगारा, काटेसावर. मग राब भाजायचा धूर, मग मे महिन्याच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर. दुपारी झाडाची सावली झाडाखालीच मावते, तेव्हा कॅमेरा घरीच बरा. मेअखेर आगोटीची धावपळ सुरू होते. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढून झापांनी झाकतात. काळ्या होत चाललेल्या आभाळाखाली त्या झाकलेल्या होड्यांची रांग मी दर वर्षी टिपते.

वाडीचं मात्र वेगळं सांगायला हवं. नारळ-पोफळीच्या वाडीत फोटो काढणं फार अवघड. वर झावळ्यांचं दाट छत, खाली हिरवट अंधार, त्यात मध्येच भाल्यासारखे उतरणारे कवडसे. ढगाळ सकाळीच तिथे काही हाती लागायचं. ट्रायपॉड लावून सावकाश. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि नागाव, चौल, रेवदंडा, पुढे मुरुड-श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. पोफळीचं खोड बारीक, ती मधोमध मोडली. नारळ मुळांसकट उपटले. दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वाडीत गेले तर तिथे आभाळ होतं. सावलीत वाढणारी जायफळं, मिरीचे वेल, पानवेली भर उन्हात उघड्या पडल्या होत्या. शेजारच्या काकांनी विचारलं, "तुझ्याकडे आमच्या पाटाच्या बाजूचे जुने फोटो असतील ना?" पंचनाम्याला किती झाडं सांगायची यावर घरात एकमत होत नव्हतं. मी काढलेल्या, मला केवळ उजेडासाठी आवडलेल्या फोटोंवर बोट ठेवून त्यांनी एकेक खोड मोजलं. कोणतं कोणी लावलेलं तेही सांगितलं. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. नवी रोपं आता वाढलीत, सावली हळूहळू परत येतेय, आणि मी त्या पाटाजवळून दर पावसाळ्यात एक फोटो घेते, उजेड चांगला असो वा नसो.

त्यानंतर माझं खारेपाटाकडे जाणंही वाढलं. पोयनाडच्या पुढे खाडीकडे वळलं की जमीन एकदम सपाट होते, नजर अडत नाही, आभाळ फार मोठं होतं. घरासमोर तळी, तळ्यात जिताडा. बाहेरून बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं आणि आत भात पिकवायचं, ही पिढ्यान् पिढ्यांची मेहनत. याच भागात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला आणि 1933 ते 1939 अशी सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. हे वाचल्यापासून रिकाम्या शेताचा फोटो मी पूर्वीसारखा सहज काढू शकत नाही. आज काही ठिकाणी बांधाला खांडी पडल्यात, खारं पाणी आत शिरलंय, भाताच्या जागी कांदळवन उभं आहे. फोटोत ते देखणं दिसतं. म्हणून अशा फोटोखाली मी गावाचं नाव, वर्ष आणि तिथे पूर्वी भात होतं एवढं लिहून ठेवते.

येत्या आषाढात मला अमावास्येची भरदुपारची भरती बाहेरच्या बांधावरून टिपायची आहे. त्या वेळी खाडीचं पाणी बांधातल्या उघाडीची दारं बाहेरून दाबून बंद करतं, आत पावसाचं पाणी तुंबून राहतं, आणि एका मातीच्या बांधाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या उंचीवर पाणी असतं. उजेड सपाट असेल, पाऊस बहुधा असेलच. ज्यांची शेती बांधाला लागून आहे त्या दादांना विचारून ठेवलंय. बांध कुठून चढायचा ते त्यांनी दाखवलं आणि म्हणाले, "ताई, ते तिपाई-बिपाई नको, बांधावर ती रुतंल. बांबू घेऊन या."