आधी १०८, मग मामू

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहेरीला घर जागे होते. दस्तरखानवर बसता बसता अब्बांनी छातीला हात लावला आणि भिंतीला टेकले. अंग घामाने भिजले होते. "गॅस झालाय," ते म्हणाले. आम्हीही तेच धरून चाललो, कारण ते धरून चालणे सोपे होते.

मग फोन सुरू झाले. पहिला मोठ्या मामूंना. ते म्हणाले, डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांचा फोन बंद. शेजाऱ्यांची गाडी गॅरेजमध्ये. जमातीच्या रुग्णवाहिकेची चावी कोणाकडे आहे, याचा शोध निघाला. घरात सात मोबाइल होते आणि १०८ एकानेही लावला नव्हता. नंबर माहीत नव्हता असे नाही. धाकटीने तो शाळेच्या तक्त्यावर रंगवला होता. शेवटी तिनेच लावला.

पलीकडून पत्ता विचारला. आम्ही सांगितले, मशिदीच्या मागे. कोणत्या मशिदीच्या? आमच्या गावात पाच आहेत. आणि "हाजीसाहेबांची गल्ली" हे नाव त्या गल्लीबाहेर कोणालाच ठाऊक नाही! धाकटीने पाण्याची टाकी आणि समोरचे रेशन दुकान सांगितले, तिचा भाऊ बॅटरी घेऊन नाक्यावर उभा राहिला. गाडी आली, तिच्यात डॉक्टर होते. पैसे कोणी मागितले नाहीत. ही सेवा मोफतच आहे. दुखायला कधी लागले, असे डॉक्टरांनी विचारल्यावर आम्ही म्हणालो, आत्ताच. अम्मीने दुरुस्त केले, "पाऊण तास झाला."

अल्हम्दुलिल्लाह, अब्बा आज घरी आहेत. पण तो पाऊण तास आमच्या मनातून जात नाही.

दोन महिन्यांनी समोरच्या घरातून रात्री एका सुनेच्या किंकाळ्या आल्या. घरगुती मामला, सकाळी जमातीची माणसे बसतील, पोलीस आले तर मोहल्ल्याची बदनामी, असे आमच्यातच बोलणे चालले होते. ही भीती अगदीच निराधार नाही. ठाण्यात ताटकळण्याचा अनुभव आम्हालाही आहे. पण अम्मी म्हणाली, "जमातीने सकाळी जरूर बसावे. ती सकाळपर्यंत जगली पाहिजे ना?" आणि तिने ११२ लावला. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, सगळ्यांसाठी हा एकच नंबर. अम्मीने आधी ठिकाण सांगितले, मग आत्ता काय चालले आहे ते. भांडणाचा इतिहास तिने सांगितला नाही, आणि पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवला नाही. पोलीस आले, सोबत एक महिला शिपाई होती. त्या मुलीला माहेरी पोचवले गेले. समोरचे लोक आमच्याशी अजून बोलत नाहीत.

त्यानंतर आम्ही थोडी विचारपूस केली. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदवता येते. "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. साक्षीदार म्हणून बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच तिच्या घरी यायचे असते. हे अम्मीला त्या रात्री माहीत नव्हते, तरी तिने फोन लावला.

आता फ्रीजवर एक कागद आहे. टाकी, रेशन दुकान, घर क्रमांक, अब्बांच्या गोळ्यांची नावे, वर ठळक १०८ आणि ११२. मामूंचा नंबर अब्बांनी सगळ्यांत खाली लिहायला लावला. मामू ईदला आले, त्यांनी कागद वाचला आणि शीरखुर्मा संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.