महाकामच्या मुखावरची जमीन

चि. अनघा,


महाकाम नदीच्या मुखाची दोन उपग्रहचित्रं शेजारी ठेवून तू जो निष्कर्ष काढलास, तो बहुतेक लोक काढतात. जुन्या चित्रात निपा ताडांचं आणि खारफुटीचं सलग रान, नव्या चित्रात बांधांनी आखलेली तळीच तळी. म्हणजे कोळंबीच्या लोभापायी गावकऱ्यांनी रान संपवलं. लोभ नव्हता असं मी म्हणणार नाही. पण तो कुठे नसतो? इंडोनेशियातल्या पूर्व कालिमांतानच्या याच किनाऱ्यावर, इतक्या थोड्या वर्षांत आणि एवढाल्या तळ्यांसाठी रान का गेलं, याचं उत्तर त्यातून मिळत नाही. माझ्या मते ते उत्तर जमिनीच्या कागदात आहे, किंवा कागद नसण्यात. या त्रिभुज प्रदेशात माणसाला जमिनीवर हक्क सांगायचा एकच मार्ग ठेवलेला होता: झाडं तोडायची आणि बांध घालायचा.

1983 मध्ये सरकारनं हा बहुतेक सगळा प्रदेश राज्याची वनजमीन म्हणून नकाशावर रंगवला. तेव्हा तिथे वस्ती होती. दक्षिण सुलावेसीतून येणाऱ्या बुगिस लोकांची या किनाऱ्याशी जुनी ये-जा आहे, आणि 1950 नंतर तिकडच्या कहार मुझक्कर यांच्या बंडाच्या धामधुमीत आणखी कुटुंबं घर सोडून निघाली. मुआरा पांतुआन, सेपातिन, तानी बारू ही आंगाना तालुक्यातली रीतसर गावं आहेत. तिथे खांबांवरची घरं आहेत, मशीद आहे, शाळा आहे, निवडून दिलेला गावप्रमुख आहे. पिण्याचं पाणी मात्र पावसाचं, नाहीतर होडीनं आणलेलं. मतदार म्हणून सरकार या माणसाला ओळखतं, पण त्याच्या पायाखालच्या जमिनीचा धनी म्हणून ओळखत नाही. त्याच जमिनीतून तेल आणि वायू काढायला मात्र वनाचा नकाशा आड आला नाही. हांदिलचं तेल 1974 मध्ये सापडलं, पुढे तुनूचा वायू सापडला, आणि तो बोन्तांगच्या कारखान्यात द्रवरूप होऊन जपानला गेला.

आता तळ्यांकडे ये. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं ट्रॉलरवर बंदी आली आणि कोळंबी गोठवून निर्यात करणाऱ्यांना माल दुसरीकडून मिळवणं भाग पडलं. मग 1997 चं आर्थिक संकट आलं. डॉलरमागे अडीच हजारांच्या आत असलेला रुपिया पुढच्या वर्षी दहा हजारांच्या पलीकडे गेला, काही काळ पंधरा हजारांच्याही. डॉलरमध्ये विकली जाणारी टायगर कोळंबी पिकवणाऱ्याला हे घबाडच होतं. त्यात खोदाईची यंत्रं आली. 2001 पर्यंत निम्म्याहून अधिक रान तळ्यांखाली गेलं होतं. तुझ्या बाजूनं बोलणारा इथेच म्हणेल, झालं ना सिद्ध? भाव वाढला, रान गेलं.

भावानं वेळ ठरवली हे मला मान्य आहे. तळ्यांचा आकार त्यानं ठरवला नाही. इथलं एकेक तळं दहा हेक्टरचं, कित्येकदा त्याहून मोठं. त्यात खाद्य नाही, हवा खेळवणारी यंत्रं नाहीत. आपल्या खारभूमीच्या बांधाला असते तशी उघाडी असते, भरतीचं पाणी आत घ्यायचं, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सोडताना तोंडाशी जाळं लावायचं आणि कोळंबी, खेकडे, मासे जे येईल ते घ्यायचं. जिथे दाट पालन होतं तिथे हेक्टरी उत्पन्न टनांत मोजतात. इथे ते किलोंत मोजावं लागतं. नुसता नफा हवा असलेल्या माणसानं कमी जागेत जास्त काढलं असतं. पण ज्याचा हक्क बांधाच्या लांबीवर ठरतो तो बांध लांबवतो. बांध घातला की गावप्रमुख सहीचा कागद देतो. वनखातं तो मानत नाही, पण शेजारी मानतो, सावकार मानतो, आणि पाइपलाइन टाकायची वेळ आली की तेल कंपनीही तळं असलेल्याला भरपाई देते. उभ्या रानाला भरपाई मागणारा कोणी नसतो. रिकार्डो सिमरमाटा यांनी लायडन विद्यापीठासाठी 2012 मध्ये या प्रदेशाच्या कायद्यावर प्रबंध लिहिला. कायदा जे नाकारतो तेच स्थानिक अधिकारी रोजच्या कारभारात कसं मान्य करत जातात, हे त्यात सविस्तर आलं आहे.

सावकाराला तिथे पुंगावा म्हणतात. बँकेला तारण लागतं आणि वनजमीन तारण चालत नाही, म्हणून भांडवल पुंगावाकडून. तो बहुधा व्याज लावत नाही; कोळंबी त्यालाच, तो म्हणेल त्या भावानं घालायची एवढीच अट. रोग आला किंवा आंबट मातीनं दगा दिला (खारफुटीखालच्या चिखलातलं गंधक उघड्यावर आलं की आम्ल होतं) तरी कर्ज राहतंच, आणि ते फेडायला नवं तळं. पुंगावाला खलनायक करणं सोपं आहे, पण आजारपणात रोख पैसे देणारा तिथे तोच असतो.

माझ्या या म्हणण्यावरचा सगळ्यात जड आक्षेप तुझ्या पत्रात नाही, म्हणून मीच घेतो. जाव्हाच्या उत्तर किनाऱ्यावर, देमाकमध्ये, तळ्यांना खासगी मालकीचे कागद होते. तरी तिथली खारफुटी तोडली गेली आणि समुद्र आत शिरला. बेडोनो गावातली सेनिक वाडी पाण्याखाली गेली, लोकांना उठून जावं लागलं. वर 1960 चा जमीन कायदा असा की जमीनच नष्ट झाली तर मालकीही संपते. म्हणजे कागदानं ना झाडं वाचली ना जमीन.

हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी सात-बारा वाटून टाका असं म्हणत नाही. तसं केलं तर महाकामवर वर्षा-दोन वर्षांत सगळे कागद पुंगावाच्या पेटीत जातील. पण देमाकनं आणखीही एक गोष्ट दाखवली. 2015 पासून तिथे काही तळेवाल्यांनी नदीकडचा बांध मागे घेतला आणि सोडलेल्या पट्ट्यात गाळ साचून खारफुटी आपोआप येऊ दिली. उरलेलं तळं आपलंच राहणार याची खात्री होती, म्हणून त्यांना पट्टा सोडता आला. महाकामवर बांध मागे घेणं म्हणजे हक्क मागे घेणं. तिथेही पडीक टाकलेल्या, बांध फुटलेल्या तळ्यांत रान परत आलं आहे. अडचण मातीची नाही. वनजमीन वनच ठेवून गावाला पस्तीस वर्षांचा वापरहक्क देण्याची सोय इंडोनेशियाच्या सामाजिक वनीकरणात आहे. हा हक्क विकता येत नाही आणि त्याला काठावरच्या पट्ट्याची अट घालता येते. यानं अतिक्रमणाला बक्षीस मिळतं असं कोणी म्हणेल. मिळतं, थोडंसं. पण वनजमिनीवरच्या आजवरच्या बंदीनं तळी बुजलेली नाहीत, आणि तळ्यांवर जगणाऱ्या गावांना उठवण्याची भाषा करणाऱ्यानं त्यांना कुठे बसवणार तेही सांगायला हवं.

तू खारफुटीच्या रोपांसाठी पैसे पाठवणार आहेस असं लिहिलंस. जरूर पाठव. त्याआधी त्या संस्थेला एवढं विचार की रोपं कोणाच्या बांधाच्या आत लागणार आहेत, त्या माणसाशी काय लिखापढी झाली आहे आणि तिची मुदत किती. किती रोपं लावली याचा आकडा ते न विचारताच सांगतील.

तुझा,
वसंतकाका