ट्यूलिपच्या गावात मोसंबीवाले

एप्रिल हा मोसंबीवाल्याने गाव सोडण्याचा महिना नव्हे. डिसेंबरात बागेला ताण द्यायचा, जानेवारीत तो तोडायचा, मग आंबिया बहार फुटतो आणि चैत्र लागेस्तोवर फळं बोराएवढी होतात. ऊन चाळिशीच्या पुढे, विहीर खाली गेलेली, वीज रात्रीची. पाण्याची एक पाळी चुकली तरी सकाळी झाडाखाली फळांचा सडा. म्हणून नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टलव्हेनला राहणाऱ्या आमच्या मुलीने तिकिटं काढायचं म्हटलं, तेव्हा हे म्हणाले, "दिवाळीनंतर येतो ना बाई."

"आबा, दिवाळीनंतर इथे दिवसच मावळलेला असतो. फुलं आत्ताच असतात."

धाकट्या भाऊजींनी बागेचं पाणी अंगावर घेतलं, तेव्हा कुठे आम्ही दोघं अंबड तालुक्यातल्या आमच्या गावाहून निघालो.

शिपोल विमानतळाबाहेर पडताना जावयांनी सांगितलं, की आपण तळ्याच्या तळावर उभे आहोत. इथे हार्लेमरमेर नावाचं अफाट तळं होतं. वादळ आलं की ते काठच्या जमिनी गिळायचं. १८४९ ते १८५२ या काळात तीन ठिकाणी वाफेचे पंप बसवून ते सगळं उपसून काढलं आणि तळावर शेती वसवली. आजही ती जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. "अन् पंप बंद केले तर?" यांनी विचारलं. "परत भरेल." हे गाडीत बसेपर्यंत काही बोलले नाहीत. आम्ही मराठवाड्याची माणसं. पाणी यावं म्हणून देव पाण्यात घालून बसण्यात आमचा जन्म गेला. पाणी जावं म्हणून रात्रंदिवस पंप चालवणारा मुलूख पाहायला मिळेल असं कधी मनातही आलं नव्हतं.

क्यूकेनहॉफची बाग लिस्से गावाला लागून आहे. ३२ हेक्टर, म्हणजे आपली ऐंशी एकर. कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी १९४९ मध्ये एकत्र येऊन ती उभी केली आणि पुढच्या वर्षी लोकांना खुली केली. आपला माल गिऱ्हाइकाला फुललेला दाखवावा, एवढाच हेतू. दर शरदात सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात. बाग उघडी राहते जेमतेम आठ आठवडे. उशिराचा कंद खोल, लवकरचा वर, असे एकाच वाफ्यात थर लावतात, म्हणून एक रंग ओसरला की त्याच जागी दुसरा उठतो. हे ऐकून यांचा चेहरा उजळला. मी मात्र आधी डोळे भरून पाहिलं. जांभळा इतका गर्द की काळाच वाटावा, पांढऱ्यावर लाल शिरा, आणि उंच बीच झाडांखालून वाहत गेल्यासारखा निळ्या मस्कारीचा पट्टा. ट्यूलिपला बहुतेक वास नसतो, याचं जरा वाईट वाटलं. आमच्या बागेत बहार फुटला की रस्त्यावरचा माणूससुद्धा थांबतो. पण हायसिंथच्या वाफ्यापाशी आलो आणि गोड, जड असा वास अंगावरच आला. कडाक्याचा वारा होता, तरी मी तिथून हलले नाही.

बागेच्या कडेला १८९२ सालची पवनचक्की आहे. तिच्या सज्ज्यावरून पलीकडची शेतं दिसतात. यांना बागेपेक्षा ती शेतं पाहायची होती. दुसऱ्या दिवशी जावयांनी गाडी त्या बाजूला घेतली. एका शेतात यंत्र चालत होतं आणि फुलांची नुसती मुंडकी छाटून खाली पाडत होतं. बांधाला लाल-पिवळ्या पाकळ्यांचे ढीग पडले होते. हे ढिगाशी वाकले, मूठभर पाकळ्या उचलल्या. गमबूट घातलेला एक वयस्कर शेतकरी जवळ आला. मुलगी मध्ये बोलायला होतीच.

"एवढं फुलवायचं आणि तोडून टाकायचं?"

"आम्ही फूल विकत नाही, कंद विकतो. फूल ठेवलं तर बी धरायला जोर जातो. जून-जुलैत कंद काढायचे, तोवर तो पोसला पाहिजे."

यांनी मान डोलावली. नव्या बागेची पहिली तीन-चार वर्षं आम्हीही बहार धरत नाही, झाड बांधू देतो. हे त्याला सांगितल्यावर गप्पा रंगल्या. ट्यूलिपच्या कंदाला बारा-चौदा आठवडे थंडी लागली नाही तर तो नीट फुलत नाही, असं तो म्हणाला. "म्हणजे याला थंडीचा ताण," हे माझ्याकडे वळून म्हणाले. आमच्या झाडाला पाणी तोडून ताण देतात, इथे हिवाळाच तो देतो. काही सोसल्याशिवाय फूल नाही, दोन्हीकडे.

मग त्याने आम्हाला शेताच्या कडेचा चर दाखवला. समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागची ही वाळूची जमीन. तिच्यातलं पाणी वर्षभर दीड-दोन फुटांवर राखायचं. वर आलं तर कंद सडतो, खाली गेलं तर सुकतो. ती पातळी राखायला पाण्याची मंडळं आहेत आणि त्यांच्या निवडणुका होतात. या भागाचं राइनलँड मंडळ तेराव्या शतकापासूनचं. यांनी चराकडे बोट करून विचारलं, "मोजतं कोण?" म्हाताऱ्याला प्रश्नाचं नवल वाटलं. "सगळेच," तो म्हणाला.

परत येताना हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. २०१२ चा पावसाळा जालना जिल्ह्यात कोरडा गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी विकत घेऊन आम्ही आळ्यात ओतलं. कर्ज झालं, तरी निम्मी बाग वाळली. लेकरासारखी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीने तोडून सरपणाला घातली. पावसाने दगा दिला, हे खरंच. पण विहीर किती खाली चालली आहे हे दिवाळीपासून वहीत मांडलं असतं, तर कोणती झाडं जगवायची आणि कोणती सोडायची हे शिमग्याच्या आधीच ठरलं असतं. गावात तसं मोजायची पद्धतच नव्हती. आमच्याच जिल्ह्यातल्या कडवंचीकरांनी १९९६ पासून पाणलोटाची कामं करून आणि शेततळी खोदून द्राक्षं पिकवली, तेही आम्ही पाहून आलो होतो. पाहून येणं आणि गावाने ठरवणं यात फार अंतर असतं.

जुनी गावंही पाहिली. डेल्फ्टचा कललेला मनोरा, निळ्या नक्षीची मातीची भांडी, हार्लेमचं मोठं चर्च. पण मन रमलं ते लायडनला. इथल्या विद्यापीठाच्या बागेत १५९३ मध्ये कॅरोलस क्लुसियस नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी लावलेले ट्यूलिप तिथे फुलले. त्या वाफ्यांपाशी मुलीने मोबाइलवर एक पान दाखवलं. केरळातल्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट या कोकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत आहे. शिवाजी महाराज हयात असताना आपली अक्षरं तिथे छापली गेली! माझी सगळी नोकरी शाळेत बाराखडी शिकवण्यात गेली. ते पान मी परत परत मोठं करून पाहिलं.

कालव्याच्या काठाने चालताना जावयांनी १५७४ च्या वेढ्याची हकिकत सांगितली. स्पॅनिश फौजेने लायडन कोंडलं, लोक उपाशी मरू लागले, तेव्हा बांध फोडून शिवारात पाणी सोडलं आणि त्या पाण्यावरून होड्या मदतीला आल्या. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. गाव अजून तो दिवस पाव आणि हेरिंग मासा वाटून साजरा करतं. सगळं ऐकून हे म्हणाले, "अन् ज्यांच्या शेतात पाणी सोडलं, त्यांचं काय झालं?" जावयांना सांगता आलं नाही. मला या माणसाचा अभिमान वाटला. गाव वाचल्याच्या आनंदात बुडालेल्या शिवाराची आठवण शेतकऱ्यालाच होते.

त्या सगळ्या मुक्कामात रोज दुपारी भाऊजींना फोन जायचा. मोटार चालली का, किती वेळ, गळ किती. परत आलो तेव्हा थोडी गळ झाली होती, पण बाग सावरलेली होती. यांनी पिशव्या उघडायच्या आधी विहिरीवर जाऊन दोरीला गाठी मारल्या, हातभर अंतराने एकेक. तेव्हापासून दर सोमवारी दोरी सोडतात आणि आकडा माझ्याकडून वहीत लिहून घेतात. शेजारचे दोघं आपापल्या विहिरीचे आकडे आणून देतात, बाकीचे अजून हसतात. पाऊस लांबला तर कोणत्या ओळींना आधी पाणी द्यायचं, हे आता आम्ही मार्चमध्येच ठरवतो.