बंद कधी पडतो?

“आपोआप बंद पडतो, फॉरमॅट मारून द्या,” म्हणत गिऱ्हाईक सीपीयू टेबलावर ठेवतं. (अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणायची रीत आहे, मीही तेच म्हणतो.) फॉरमॅट हा आमच्या धंद्यातला अंगारा, लावला की सगळ्यांचं समाधान. मी आधी विचारतो, बंद कधी पडतो? टॅलीत की गेम लावल्यावर? बंद पडण्याआधी रेंगाळतो का?

विंडोजच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की नवी पोरं खूश होतात. पण ती नोंद होते मशीन पुन्हा चालू झाल्यावर, आणि सांगते एवढंच की मागच्या वेळी ते नीट बंद झालं नव्हतं. वीज गेलेली असो, कुणी बटण दाबून धरलेलं असो, आकडा तोच. निळा पडदा दाखवून रीस्टार्ट होत असेल तर रॅम, ड्रायव्हर बघावेत. क्षणात काळं होत असेल तर बहुधा उष्णता नाहीतर वीज.

उष्णतेचं मशीन आधी मंदावतं. बऱ्याच प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे ते वेग उतरवतात, तरी तापत राहिले तर मशीनच बंद करतात. आमच्या इचलकरंजीत नुसती धूळ नसते, यंत्रमागांच्या सुताचे तंतू हीटसिंकच्या फटींत गच्च बसतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असेल तर पुसून नवी लावायची.

विजेच्या बाजूने एसएमपीएस, म्हणजे डब्यातला वीजपुरवठा, जास्त छळतो. हिरवी वायर काळीला जोडली, पंखा फिरला, की ‘ओके’ म्हणणारे पुष्कळ. त्यातून कळतं फक्त तो सुरू होतो एवढंच. बारा व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये राहिली पाहिजे, आणि तेही मशीन पूर्ण ताकदीने राबत असताना. क्षणभराची घसरण मल्टिमीटरलाही दिसत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हेच खरं.

आणि दुकानात दिवसभर चालून घरी बंद पडणारं मशीन आलं, की मी डबा उघडतच नाही, गिऱ्हाइकाच्या जागेवर जातो. शेजारची मोटर सुरू होताना व्होल्टेज खाली येतं, यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी मेलेली. “पण आमच्यात लाइट जातच नाही,” असं मालक सांगत असतात तेव्हा मी यूपीएसचा प्लग काढून दाखवतो. बिल होतं बॅटरीचं. शोधायला गेलेल्या वेळेचे पैसे मागायची पद्धत आमच्या बाजारात अजून पडलेली नाही.