वाईचें न्हाणीघर

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेनें निघावें, खंबाटकीचा घाट ओलांडावा आणि सुरूरपाशीं उजवीकडे वळावें, म्हणजे थोड्याच वेळांत वाईचे डोंगर समोर येतात. येथें येणारे लोक कृष्णेच्या घाटावर जातात, रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेल्या देवळांत ढोल्या गणपतीचें दर्शन घेतात आणि सवड असल्यास मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा पाहून परततात. गेल्या वैशाखांत आम्ही वाईस आठ दिवस राहिलों. परंतु ते सारे दिवस एका न्हाणीघराच्या चार भिंतींत गेले.

आमच्या मातोश्री तेथील जुन्या घरांत एकट्या असतात व घर सोडण्यास त्या तयार नाहींत. म्हणून आमच्या सोळा वर्षांच्या कन्येनें दोन वर्षें आजीपाशीं राहून तेथेंच शिकावें, असा बेत ठरला. मुलीनें सर्व मान्य केलें. अट एकच घातली. "बाबा, मी आजीजवळ राहीन, पण त्या न्हाणीघरांत पाऊल टाकणार नाहीं."

आम्हांस हसूं आलें; पण न्हाणीघर पाहतांच तें मावळलें. परसाकडील काळोखी खोली, कोपऱ्यांत तांब्याचा बंब, दगडी मोरी, आणि दारास आंतून कडी नाहीं! बाहेर पंचा टांगलेला दिसला कीं आंत कोणी आहे असें समजावयाचें, ही घरची रीत. भिंतींस कांहीं वर्षांपूर्वीं आम्हींच हौसेनें तैलरंग दिला होता. त्यास फोड येऊन पापुद्रे सुटले होते व खालीं काळी बुरशी चढली होती.

"भिंत पाणी पिते अन् सोडतेही," बोलावून आणलेला वृद्ध गवंडी म्हणाला. "तुम्हीं तिला मेणकापड गुंडाळलंत!"

त्याचें म्हणणें खरें होतें. चुन्यांत बांधलेली जुनी भिंत जमिनींतील ओल शोषते व ती हवेंत सोडून देते. तैलरंगानें ही वाट बंद होते आणि कोंडलेली ओल रंगासच ढकलून काढते. चुन्याची सफेदी ती वाट मोकळी ठेवते. शिवाय चुना दाहक असल्यामुळें बुरशीस सहजीं थारा मिळत नाहीं. मात्र तैलरंगावर चुना धरत नाहीं. म्हणून दोन दिवस नुसतें खरवडण्यांत गेले.

मुलीस गर्द निळा रंग हवा होता. चुन्यांत तसा उतरत नाहीं, फिकाच येतो, हें ऐकून ती रुसली. तथापि कळीचा चुना पाण्यांत पडून रटरटूं लागला, तेव्हां तीही दूर उभी राहून पाहूं लागली. निवालेला चुना गाळून त्यांत नीळ व डिंकाचें पाणी घातलें. भिंत भिजवून पहिला हात तिनेंच मारला. तो दिसला पाणचट ताकासारखा. "हा कसला रंग?" म्हणून ती हिरमुसली. परंतु चुना वाळतांना हवेंतील कर्बाम्ल वायु घेऊन पुनः चुनखडी बनूं लागतो आणि तेव्हांच त्याचा उजळपणा प्रकटतो. सकाळीं पाहतों तों, नीळ दिलेल्या धुवट धोतरासारख्या भिंती! मुलगी हसली.

मातोश्री इतके दिवस, "या न्हाणींत चार पिढ्या न्हाल्या, कोणाचें अडलें नाहीं," एवढेंच म्हणत होत्या. तिसरा हात झाला त्या दिवशीं त्यांनीं डब्यांतून पैसे काढून आमच्या हातावर ठेवले. "बाजारांतून एक चांगली कडी आण. आंतून लागेल अशी."

आम्ही पाहतच राहिलों. त्या नातीस म्हणाल्या, "१९६३ सालीं मी या घरांत आलें. कडी हवी, असं म्हणायचा धीर झाला नाहीं. सगळे उठायच्या आंत, पहांटे चारला न्हाऊन घेत असें."

आईचें तें पहांटेचें स्नान हा तिचा नेम, असें आम्हीं आजवर कितीजणांस अभिमानानें सांगितलें होतें! त्या दिवशीं कडी आम्हीं स्वतःच्या हातानें बसविली.

परवां कन्येनें कळविलें, आजी आतां चांगलें उजाडल्यावर न्हातात. आणि आंतून कडी लावतात.