सदोत याम: जाळ्यांकडून दगडाकडे

तेल अवीवहून हैफाकडे जाणाऱ्या गाडीतून बिन्यामिनाला उतरलो आणि टॅक्सी करून समुद्राच्या दिशेने निघालो. सोबत रामला शहरातल्या मावशी होत्या. त्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, मूळच्या अलिबागकडच्या. लहानपणी आईवडिलांबरोबर इस्रायलला आल्या, पण मराठी अजून खणखणीत. केळीच्या बागा मागे पडल्या, दक्षिणेला हदेराच्या वीजकेंद्राची उंच धुराडी दिसू लागली आणि सदोत याम हे किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वसाहत, आले.

सीझरियाचे रोमन नाट्यगृह इथून हाकेच्या अंतरावर आहे. हेरोद राजाने दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेले बंदर पाहायला तिकडे पर्यटकांची रीघ असते. इकडे मात्र बैठी घरे, दाट सावली आणि खाली वाळूचा किनारा.

1936 मध्ये श्रमिक युवक चळवळीतल्या काही मुलामुलींनी हैफाजवळ या किबुत्झचा गट उभा केला. बहुतेक किबुत्झ शेतीवर जगत. यांना समुद्रावर जगायचे होते. 1940 मध्ये ते इथे आले. मासेमारी हा धंदा. जमीन, मिळकत, स्वयंपाकघर सगळे सामाईक. तेव्हाच्या ब्रिटिश राजवटीची नजर चुकवून येणाऱ्या ज्यू निर्वासितांना उतरवून घ्यायलाही हा किनारा उपयोगी पडला.

हंगेरीहून आलेली हाना सेनेश 1941 मध्ये इथे दाखल झाली. कविता लिहिणारी ही मुलगी धुलाईघरात आणि स्वयंपाकघरात राबली. 1944 मध्ये ती ब्रिटिश सैन्यातर्फे पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरली, हंगेरीत शिरताना पकडली गेली आणि 7 नोव्हेंबरला बुडापेस्टमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्या. वय अवघे 23. तिच्या नावाच्या स्मृतिगृहात मावशी बराच वेळ थांबल्या. ‘‘आमच्या शाळेत हिची गाणी रोज असायची गं,’’ म्हणाल्या.

जुन्या सीझरियात एका मशिदीचा मनोरा उभा आहे. 1884 च्या सुमारास बोस्नियाहून आलेल्या मुसलमान निर्वासितांनी इथे वस्ती केली होती. फेब्रुवारी 1948 मध्ये पालमाख या ज्यू सैनिकी दलाने ते गाव रिकामे केले. या किनाऱ्याचा इतिहास सांगताना ही पाने गाळता येत नाहीत.

मासेमारीवर अख्ख्या वसाहतीचे पोट भरेना, तेव्हा शेती आली, मग कारखाना. 1987 मध्ये इथे सीझरस्टोन ही ओट्यांसाठी कृत्रिम दगड बनवणारी कंपनी सुरू झाली. क्वार्ट्‌झचा चुरा सुमारे नव्वद टक्के, बाकी राळ आणि रंग. हे मिश्रण निर्वात जागेत कंपन देत दाबायचे, भट्टीत पक्के करायचे आणि घासून चकचकीत करायचे. एका घरात मी त्या ओट्यावरून हात फिरवला. थंडगार, गुळगुळीत, कुठे रंध्र नाही की डाग नाही. जगभरच्या स्वयंपाकघरांत हा दगड गेला आणि 2012 मध्ये कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात उतरली. कोळ्यांच्या वस्तीचा हा प्रवास मला खरोखर थक्क करणारा वाटला.

त्याच 2012 मध्ये इस्रायली डॉक्टरांनी कृत्रिम दगड कापणाऱ्या 25 कामगारांना झालेल्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या आजाराची नोंद प्रसिद्ध केली. ओटा वापरणाऱ्याला धोका नाही. धोका आहे तो छोट्या वर्कशॉपमध्ये, तोंड न झाकता, कोरडा दगड कापणाऱ्याला. बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि ती पुन्हा निघत नाही. काहींवर फुप्फुस बदलण्याची पाळी आली. 1 जुलै 2024 पासून ऑस्ट्रेलियाने असा दगड वापरण्यावरच बंदी घातली. सदोत यामचा कारखाना कंपनीने 2023 मध्ये बंद केला आणि ती उत्पादन बाहेरून करून घेण्याकडे वळली. गुजरातेत मोरबीच्या एका टाइल कंपनीत तिने त्याआधीच मोठा हिस्सा घेतला होता.

एका ताटात जेवणाऱ्या माणसांनी इथे पिढीगणिक धंदा बदलला आणि गाव तगवले, याचा मला मनापासून आदर वाटतो. पण समतेचा हिशेब कुंपणापाशी थांबवता येत नाही. कुंपणाबाहेर दगड कापणाराही त्यात धरावा लागतो.

आपल्याकडेही आता कडप्पा आणि ग्रॅनाइटच्या जागी क्वार्ट्‌झचे ओटे बसत आहेत. तुमच्या घरी ओटा बसणार असेल, तर कारागिराला पाणी मारूनच दगड कापायला सांगा, चांगला मास्क द्या आणि दोन दिवस जास्त लागले तर लागू द्या.