खोली

पाच फूट की साडेपाच, यावर आमच्या घरात आठ दिवस बोलणं चाललं आहे. बाबा म्हणतात पाच पुरे. मिस्त्रीभाऊ म्हणतात, मुरूम लागेल तिथवर जाऊ, मग पाहू. मी साडेपाचावर अडून बसलो आहे. ते वरचं अर्धं फूट मला गेल्या मे महिन्यातल्या एका पहाटेनं शिकवलं.

आमच्या विहिरीवर मोट चालायची तेव्हाचं दगडी थारोळं अजून शाबूत आहे. सहा फूट लांब, चार रुंद, दोन खोल. मोट गेली, मोटर आली, आणि ते कोरडं पडून राहिलं. चार वर्षांपूर्वी मी त्याला आतून सिमेंट केलं आणि नागपूरहून बोटाएवढे सहा कोई मासे आणून सोडले. तेराशे-साडेतेराशे लिटर पाणी. तेव्हा मला ते पुष्कळ वाटलं होतं. मासे वीतभर झाले, वीत ओलांडून गेले, आणि थारोळं तेवढंच राहिलं.

त्या रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. मी उठलो तेव्हा घाट चढणाऱ्या मालगाडीची धडधड ऐकू येत होती, पण थारोळ्यातल्या कारंज्याचा आवाज नव्हता. बॅटरी मारली तर सहाही तोंडं पाण्याच्या पृष्ठभागावर, उघडमीट करत. हात घातला, पाणी कोमट. दिवसभर चव्वेचाळीस अंशांत तापलेलं दोन फूट पाणी रात्रीतून निवत नाही. बादल्यांनी पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो. उजाडेपर्यंत दोघं गेले. त्यांत कपाळावर तांबडा टिळा असलेली पांढरी मासळी होती, माझ्या हातून खाणारी.

नंतर महिनाभर मी वाचत राहिलो. वीस अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. पाणी तापतं तशी माशाची भूक आणि धाप वाढते, आणि नेमका तेव्हाच त्यातला श्वास कमी होतो. शिवाय हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही माशांसारखाच तो घेतं. म्हणून सूर्य उगवण्याआधीची वेळ सगळ्यात वाईट. माझे मासे बरोबर त्याच वेळेला गेले.

मराठीत खोली म्हणजे पाण्याचं खोलपण, आणि खोली म्हणजे राहायची जागाही. हा शब्द मी जन्मभर दोन्ही अर्थांनी बोलत आलो, पण ते दोन्ही एकच आहेत हे त्या थारोळ्याशी बसून कळलं. दोन फुटांत माशाला ऊन टाळून जायला जागाच नव्हती. पाच-साडेपाच फुटांखाली दुपारचा ताप उशिरा आणि कमी पोचतो. वर बगळा उभा राहिला तरी खाली सरकता येतं. दोन-अडीच फुटांपर्यंत वाढणाऱ्या, पंचवीस-तीस वर्षं जगणाऱ्या जिवाला एवढी तरी खोली आपण द्यायला नको?

कोई मी पहिल्यांदा पाहिले ते पुण्यात, सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात. जपानमधल्या ओकायामातल्या, 1700 साली पुऱ्या झालेल्या कोराकुएन बागेवरून ते घडवलेलं आहे. पुलावर पोरांची झुंबड, आणि खाली रंगांची सावकाश चाललेली वरात. मला तेव्हा वाटलं होतं, ही राजेरजवाड्यांची हौस असेल. ती निघाली शेतकऱ्यांची. जपानच्या निगाता प्रांतातल्या यामाकोशीच्या डोंगरांत भातशेती करणारी माणसं बर्फाच्या दिवसांत पोटाला असावेत म्हणून शेततळ्यांत कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांतल्या काही पिलांवर तांबडा, पांढरा रंग उमटला, आणि ती पिलं कुणीतरी खाल्ली नाहीत, राखून ठेवली. बाकीच्या जपानला हे मासे नीट ठाऊक झाले ते 1914 च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर. 23 ऑक्टोबर 2004 च्या भूकंपात यामाकोशीची तळी फुटली, गाव रिकामं करावं लागलं, तेव्हा उरलेले मासे हेलिकॉप्टरनं बाहेर काढले. पिढ्यान् पिढ्या राखलेलं बेणं होतं ते. संत्र्याची जातिवंत कलमं जपणाऱ्या आमच्या पांढुर्णा-सौंसरकडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणि बाजारात टोपलीत येणारा सायप्रिनस, तो यांचा सख्खा भाऊबंद. 1939 मध्ये निलगिरीत आणि 1957 मध्ये बँकॉकहून आपल्या देशात आणलेला कार्प तो हाच. म्हणजे हा जीव आपल्या पाण्यात जगतो. प्रश्न जातीचा नाही, जागेचा आहे.

नवा हौद पंधरा फूट बाय दहा. साडेपाच खोल धरला तर तेवीस हजार लिटरांच्या वर. कागदावर आखायला संध्याकाळ पुरली, पण गाळणीनं मला महिने घेतले. माझी आजी निवळीचं बी रांजणाच्या आतून उगाळून फिरवायची, आणि सकाळी पाणी असं नितळ की तळाचा तडा दिसावा. पाणी निवळलं म्हणजे झालं, हे माझ्या डोक्यात तिथून बसलेलं. पण माशाच्या कल्ल्यांतून सतत अमोनिया पाण्यात जातो, तो डोळ्यांना दिसत नाही, आणि नितळ पाण्यातही मासा त्यानं मरतो. सामू सात असेल तर त्या अमोनियातला शंभरात एक भागही विखारी नसतो. सामू नऊवर गेला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विखारी होतो. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो तेव्हा सामू असाच चढतो. म्हणून मासे घाईनं सोडायचे नाहीत. हौद भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा.

गाळणीचं काम दोन टप्प्यांचं. तळ मधोमध उतरता, तिथून चार इंची पाइप, आणि गाळ आपल्या वजनानं शेजारच्या टाकीत. तिथं पाणी संथ झालं की घाण खाली बसते, अगदी रांजणासारखी. पुढच्या टाकीत ब्रश आणि जाळीच्या चटया. त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे जीवाणू वस्ती करतात, अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दोन तासांत सगळं पाणी एकदा तिथून फिरायला हवं, म्हणजे पंप तासाला अकरा-बारा हजार लिटरांचा. वीज गेली की हे जीवाणूही गुदमरतात, म्हणून हवेचा छोटा पंप इन्व्हर्टरवर ठेवणार आहे. पहिला खर्च तिथं केला.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग हे तं शेणखताचंच काम झालं." खरंच तेच आहे. बगीच्याच्या मातीत शेणखताचं नायट्रेट करणारे जीवाणू आणि हे, एकाच कुळातले.

बाबांची खरी अडचण वेगळी होती. मे महिन्यात विहीर तळाला जाते, बायाबापड्या पाण्यासाठी थांबतात, आणि आपण माशांसाठी तेवीस हजार लिटर अडवायचं? हा प्रश्न मलाही टोचतो. त्याचं उत्तर मी पाण्यातूनच शोधलं. हौद पावसाळ्यात भरायचा, छपराच्या पाण्यावर. दर आठवड्याला दहावा हिस्सा, सुमारे तेवीसशे लिटर, बदलायचाच असतो. ते नायट्रेटचं पाणी संत्र्याच्या आळ्यांत जाईल, आणि झाडांचं तेवढं पाणी विहिरीतून उपसावं लागणार नाही. फक्त आंबिया बहाराचा ताण चालू असेल तेव्हा झाडांना थेंबही नको. तो महिना-दीड महिना हौदाचं पाणी वांग्यांना आणि मेथीला. उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडालं तरी एकशेचाळीस लिटर जातील. म्हणून पश्चिमेला हिरवी जाळी. कडुनिंबाखाली मी जागा घेतली नाही, त्याचा पाला सारखा पाण्यात येतो.

दुसरी भीती मोरचुदाची. डिंक्या येऊ नये म्हणून बाबा दरवर्षी मोरचूद आणि कळीचा चुना कालवून संत्र्याच्या खोडांना बोर्डो लावतात. झाडाला तारणारं ते तांबं माशाला विष आहे. म्हणून काठ जमिनीपासून दीड फूट वर, पावसाचा लोट आत येणार नाही असा, आणि हौद बगीच्यापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. फवारणीच्या दिवशी त्यावर ताडपत्री घालायचं बाबांनी स्वतःहून कबूल केलं.

परवा खोदकाम सुरू झालं. "काया मातीचा भरोसा नाही जी," मिस्त्रीभाऊ म्हणाले, "पावसात फुगते, उन्हात फाटते, भितीले धरू देत नाही." साडेतीन फुटांवर पिवळा मुरूम लागला. चारही बाजूंना हातभर जास्त खणून तिथं मुरूमच ठोकून भरायचं ठरलं.

काल दुपारी जेवायला हाक मारली तर बाबा घरात नव्हते. खड्ड्याच्या कडेला त्यांच्या चपला दिसल्या. खाली, पाच फुटांवर, सावलीच्या बाजूला ते टोपी उशाला घेऊन पडले होते.

"बाबा, वर या. ऊन लागंल."

"इथं कायचं ऊन," ते डोळे न उघडता म्हणाले. "अर्धं फूट अजून खणायला सांग त्याले."